आमच्या मुलांच्या दुसऱ्या शिक्षकांस खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या परिसरात शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षक बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

1 मे रोजी झेंडावंदन झाल्यावर आमच्या शाळेत निकाल वाटले आणि उन्हाळी सुटी लागली. मी बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र घेते. माझ्या पटावर 26 मुले आहेत. त्यांपैकी 11 मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, कोणी मार्चच्या अखेरीस तर कोणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गावी परतली. तुमच्यापैकी बहुतेकांना मी पाहिलेलेही नाही. पण वर्षातले चार-पाच महिने माझी मुले तुमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात, तुमच्या शाळेची घंटा त्यांना ऐकू येते, म्हणून आपण एकमेकांना परके नाही असे धरून हे पत्र लिहीत आहे.

हे लिहायचे मनात आले ते प्रगतिपुस्तके भरताना. श्रेणींच्या खाली वर्णनात्मक नोंदींचे तीन रकाने असतात, विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक. जी मुले जूनपासून एप्रिलपर्यंत माझ्यासमोर बसली त्यांचे रकाने भरायला मला वेळ लागला नाही, कारण कोण हातच्याच्या वजाबाकीत अडते आणि कोण कविता चालीवर म्हणते पण लिहिताना वेलांटी सोडते, हे मला झोपेतून उठवले तरी सांगता येईल. या 11 मुलांच्या पुस्तकांपाशी मात्र हात थांबला. चौथीतल्या एका मुलाच्या ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात गेल्या वर्षी मी ‘नियमित उपस्थित राहावे’ असे लिहिले होते. यंदा तेच वाक्य लिहायला गेले आणि लिहवेना. त्याच्या आईवडिलांनी पावसाळ्याआधीच टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती, ती फेडण्यासाठी त्यांचा कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, टोळीबरोबर निघाली, मागे घरात म्हातारे माणूस कोणी नाही म्हणून मुलगाही निघाला. यातला एकही निर्णय त्या दहा वर्षांच्या मुलाचा नव्हता, आणि सुधारणा त्याने करावी असे मी त्याच्या पुस्तकात लिहून ठेवले होते. ते वाक्य लिहिल्याची मला खरोखर लाज वाटते.

शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आपण प्रशिक्षणांत तो अनेकदा ऐकला आहे, तरी त्यातील दोन गोष्टी मी या महिन्यात पुन्हा वाचल्या. कलम 9 प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, म्हणजे मुलगा जिथे पोहोचला तिथल्या यंत्रणेचेही. कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्ये आहेत, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणे हे त्यांतील एक आहे. ‘प्रत्येक’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. चार महिने जे मूल माझ्यासमोर नसते त्याची क्षमता मी कशी तपासणार, आणि जे मूल चारच महिने तुमच्यासमोर येते, तेही आले तर, त्याची क्षमता तुम्हाला कोण सांगणार? कायद्याने मूल दोघांच्याही पदरात घातले आहे. त्याची ओळख मात्र एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचत नाही, आणि माझ्या मते आमच्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान याच ठिकाणी होते.

यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, असे तुम्ही म्हणाल. ते आहे आणि ते फार उपयोगाचे आहे. त्या कार्डामुळे आमच्या मुलाला दाखला नसताना तुमच्या शाळेत बसता येते. मी स्वतः अनेक वर्षे ही कार्डे भरून देत आले. टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी जाऊन कार्ड आईच्या हातात द्यायचे, ‘तिकडे गेल्यावर शाळेत दाखवा’ असे बजावायचे, आणि माझ्याकडून काम पुरे झाले असे समजायचे. आई ते कार्ड पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवायची, आणि पुष्कळदा ते एप्रिलमध्ये तसेच, एकही घडी न मोडता, परत यायचे.

कार्ड शाळेपर्यंत पोहोचले तरी मी भरून दिलेल्या कार्डांत मुलाचे नाव, इयत्ता, शाळा एवढेच असे. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा कार्ड घेऊन सांगली जिल्ह्यातील एका शाळेत गेला. कार्डावर इयत्ता चौथी होती, म्हणून तिथल्या गुरुजींनी त्याच्यासमोर चौथीचे पुस्तक ठेवले आणि वाचायला सांगितले. त्यात गुरुजींची काहीच चूक नव्हती. पण तो मुलगा त्या वेळी दुसरीचा मजकूर बोट ठेवून वाचत होता. लागोपाठ दोन हंगाम उसाच्या फडात गेल्याने तो मागे पडला होता आणि हे मला पक्के ठाऊक होते. त्याला आकड्यांची जाण मात्र विलक्षण होती. टोळीने दिवसभरात किती मोळ्या बांधल्या, गाडीत किती बसल्या, काट्यावर किती टन भरले, हे तो तोंडी सांगत असे. हे मी त्या गुरुजींना कळवले असते तर त्यांनी पहिल्या दिवशी त्याला फळ्यापाशी बोलावून गणित दिले असते. तो तीन आठवडे मागच्या रांगेत बसला, नव्या मुलांसमोर दोनदा अडखळला, आणि मग लहान भावाला सांभाळायचे कारण सांगून कोपीवरच राहिला. पुढच्या वर्षी तो पाचवीसाठी शेजारच्या गावच्या शाळेत गेला. मुलगा थोडा मोठा झाला की टोळीत त्याला अर्धा कोयता म्हणून धरतात, ही भीती मला त्याच्याविषयी अजून वाटते.

त्याच्यामुळे यंदा मी एक वेगळी गोष्ट केली, आणि ती तुम्हाला सांगणे हाच या पत्राचा हेतू आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वी मी 11 साध्या वह्या आणल्या आणि प्रत्येक जाणाऱ्या मुलासाठी एक वही तयार केली. मुले तिला ‘सोबतची वही’ म्हणतात. पहिल्या पानावर मी तिकडच्या शिक्षकांना उद्देशून लिहिले. हे मूल कोणत्या पातळीचा मजकूर न अडता वाचते, कोणत्या अक्षराला अडते, बालभारतीचा कोणता धडा आमच्याकडे शेवटी झाला, बेरीज-वजाबाकी किती अंकांपर्यंत येते, आणि कशात त्याचा हात धरू नये, कारण ते त्याला आपोआप जमते. तांड्यावरच्या दोन मुलांच्या वहीत मी असेही लिहिले की घरी ती गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतात, म्हणून प्रश्न समजायला त्यांना क्षणभर जास्त लागतो, त्या वेळेला न येणे समजू नये. तिसऱ्या पानापासून पुढची पाने मुलाची आणि तुमची. शेवटी माझा दूरध्वनी क्रमांक.

एक गोष्ट आपल्या बाजूने आहे आणि तिचा आपण पुरेसा उपयोग करत नाही. तुमच्या वर्गात आणि माझ्या वर्गात बालभारतीचे पुस्तक एकच असते. पान क्रमांकसुद्धा तोच. मी पान लिहून पाठवले तर तुम्ही त्या पानापासून उघडू शकता, आणि तुम्ही पान लिहून परत पाठवले तर मार्चमध्ये मला तिथून पुढे जाता येते. पुस्तक जर दोन्ही गावांत एक आहे, तर मुलाला वर्ष दोनदा पहिल्यापासून सुरू करावे लागते याचे कारण आपणा दोघांमधील अबोला हेच उरते.

आता या वह्यांचे काय झाले ते सांगते, आणि जसे झाले तसेच सांगते. 11 पैकी 4 मुले तिकडच्या शाळेत बसली. 3 वह्यांत तिकडच्या शिक्षकांनी काही ना काही लिहिले. साताऱ्याकडच्या एका बाईंनी तर तिसरीतल्या मुलीच्या वहीत जानेवारीपासून दर पंधरवड्याला चार ओळी लिहिल्या होत्या. ही मुलगी ऑक्टोबरमध्ये काना-मात्रेचे शब्द सरळ वाचायची, पण जोडाक्षर आले की ‘रस्ता’ला ‘रसता’ म्हणायची, आणि हे मी पहिल्या पानावर लिहिले होते. बाईंनी तिला पुस्तकातील जोडाक्षरांकडे न नेता आधी तिच्या बोलण्यातले शब्द लिहायला लावले, पट्टा, गल्ली, चप्पल, कच्चा, पक्का, असे एकाच अक्षराच्या जोडीचे शब्द, आणि ते जमल्यावर मग स्त, क्त, ष्ट यांकडे वळल्या. मी पंधरा वर्षे शिकवते आहे आणि हा क्रम मी इतक्या नेटकेपणाने कधी लावलेला नव्हता. मुलगी मार्चमध्ये आली ती तिसरीचा धडा वाचत आली. तिच्या ‘विशेष प्रगती’ या रकान्यात मी जे लिहिले ते खरे तर त्या बाईंचे काम आहे, आणि माझ्या सहीशेजारी त्यांच्या सहीला जागा नाही याचे मला वाईट वाटले.

दुसऱ्या दोन वह्यांत थोडेच लिहिले होते, एकीत फक्त तारखा आणि धड्यांची नावे. तेवढ्यानेही मला पुष्कळ कळले. चौथ्या वहीत तुमच्याकडचे काही लिहिलेले नव्हते, पण मुलाने स्वतः रोज एक ओळ लिहिली होती, आणि फेब्रुवारीनंतर त्याचे अक्षर स्पष्ट सुधारलेले दिसते. कोणीतरी त्याच्याकडे लक्ष दिले असणार.

उरलेली 7 मुले शाळेत बसली नाहीत. यात तुमच्याकडे बोट दाखवण्यासारखे काही नाही, कारणे फार निरनिराळी आहेत. दोन बहिणभावांची टोळी कर्नाटकात बेळगावच्या पलीकडे गेली, तिथे जवळची शाळा कन्नड होती. एका टोळीचा तळ दर पंधरा-वीस दिवसांनी हलत होता, त्यामुळे मूल एका शाळेत बसते न बसते तोच फड संपे. तीन मुलींना धाकटी भावंडे सांभाळायची होती. आई पहाटे, कधी मध्यरात्रीनंतरच, फडावर जाते, तेव्हा तान्हे मूल नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर असते, आणि त्या मुलीला शाळेत यायचे तर तान्हे घेऊनच यावे लागते. एका मुलाला त्याच्या वडिलांनी पाठवले नाही, त्यांच्याशी मी फोनवर तीनदा बोलले आणि माझे बोलणे कमी पडले. म्हणजे वहीने सगळे सुटते असे माझे म्हणणे नाही. पण जी चार मुले शाळेच्या दारापर्यंत पोहोचली, त्यांच्यासाठी तिने फरक केला, हे मी त्यांचे वाचन ऐकून सांगते.

मूल गावातच राहिले तर सर्वांत चांगले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या वर्गातली आणखी 5 मुले आजी-आजोबांजवळ थांबली, आणि हंगामी वसतिगृहात दोन्ही वेळचे जेवण मिळाल्यामुळेच थांबली. त्यांचे वर्ष वाया गेले नाही. परंतु ही सोय त्याच घराला उपयोगी पडते जिथे रात्री मुलाला कुशीत घेणारे कोणी आहे, आणि ज्या वर्षी मंजुरी टोळ्या निघण्याआधी येते. गाड्या निघून गेल्यावर आलेल्या मंजुरीने मुले परत येत नाहीत, हे मी अनुभवले आहे. शिवाय घरातली मोठी मुलगी तान्ह्यासाठी न्यावीच लागते असे आईला वाटत असेल, तर वसतिगृह असूनही ती जाते. तेव्हा काही मुले तुमच्याकडे येणारच.

तुमच्या अडचणींची मला कल्पना आहे. तुमच्याकडेही दोन-दोन वर्ग एका शिक्षकाकडे असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते, चाचण्यांचे गुण वेळेत चढवायचे असतात. त्यात डिसेंबरमध्ये अचानक सहा मुले दारात उभी राहतात, त्यांना बसवले तर पोषण आहाराचा तांदूळ कोणत्या संख्येवर दाखवायचा हा प्रश्न पडतो, आणि जरा ओळख होते तोवर एके सकाळी ती न सांगता निघून जातात. त्यांच्या बोलण्याला तुमची मुले हसतात तेही सांभाळावे लागते. साताऱ्याच्या बाईंना मी फोनवर धन्यवाद दिले तेव्हा त्या म्हणाल्या की शिकवायला त्यांना जड गेले नाही, निरोप न घेता मुलगी गेली ते जड गेले. हे ऐकून मी आता प्रत्येक पालकाला विनंती करणार आहे की तळ हलवण्याच्या आदल्या दिवशी मुलाने शाळेत सांगून यावे.

पूर्वी काही कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलाने जवळच्या नियमित शाळेतच बसावे हा विचार पुढे आला, आणि तो मला पटतो, कारण आमच्या मुलांना इतर मुलांपासून वेगळे बसवू नये. पण साखरशाळेत शिकवणाऱ्यांना एवढे तरी ठाऊक असे की समोरचे प्रत्येक मूल कोपीवरून आले आहे. नियमित शाळेत ते तीस मुलांत एकटे असते, आणि त्याच्याविषयी कोणी काही सांगितलेले नसते.

माझी तुमच्याकडे मागणी मोठी नाही. दिवाळीनंतर शिवारात कोप्या उभ्या राहिल्या की एकदा तिकडे जाऊन या. तुमच्यापैकी काही जण दर वर्षी जातात हे आमचे पालक आम्हाला आवर्जून सांगतात, आणि कोणत्या गावचे गुरुजी तळावर आले होते हे त्यांच्या वर्षानुवर्षे लक्षात राहते. मूल आले तर त्याच्या इयत्तेचे पुस्तक देण्याआधी वहीचे पहिले पान वाचा. वही नसेल तर कार्डावर शाळेचे नाव असते, तिथे फोन करून फक्त ‘हे मूल काय वाचते?’ एवढे विचारा. तान्ह्याला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नका. गावात अंगणवाडी असेल तर ताईंशी बोलून त्या मुलाला तिथे बसवता येते का ते पाहा, कारण माझ्या तीन मुलींची शाळा केवळ एवढ्यावर अडली होती. आणि मूल जाताना वहीत निदान पान क्रमांक लिहा.

याची घाई मला आणखी एका कारणाने वाटते. आपल्या राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तीही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहते. चौथीतली माझी 5 स्थलांतरित मुले जूनमध्ये पाचवीत जातील. त्यांची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येईल ज्या दिवसांत ती टेम्पोतून उतरतात. आतापर्यंत ती मागे पडली तरी पुढच्या वर्गात जात होती, आता त्याच वर्गात बसतील, आणि एकदा मागे बसलेला अकरा वर्षांचा मुलगा पुढच्या दिवाळीला शाळेकडे वळून पाहील का याची मला खात्री नाही.

पुढच्या हंगामासाठी वह्या मी आताच आणून ठेवल्या आहेत. आमच्या केंद्रातील आणखी चार शाळांतील सहकाऱ्यांनीही वह्या करायचे कबूल केले आहे, तेव्हा नोव्हेंबरमध्ये तुमच्यापैकी अधिक जणांच्या हाती त्या येतील अशी आशा आहे. आमच्या हातून पहिल्या पानावर काय लिहायचे राहिले, तुम्हाला शिकवताना कोणती माहिती हवी होती, हे दिवाळीपूर्वी कळवाल तर आम्ही ते पान बदलू. मी संध्याकाळी सातनंतर फोन उचलतेच.

निकालाच्या दिवशी त्या तिसरीतल्या मुलीने मला विचारले की पुढच्या वर्षी मुकादमाने टोळी दुसऱ्या कारखान्याला नेली तर वही त्या बाईंना कशी दाखवायची. मी तिला सांगितले की आपण पानांचे फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवू. तिने वहीतली कोरी पाने मोजली, 22 निघाली, आणि तेवढी पुरणार नाहीत म्हणून नवी वही आतापासूनच मागून घेतली.

आपली सहकारी,
तिसरी-चौथीची वर्गशिक्षिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा,
तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड